मदत हवी आहे: डोक्याला वारंवार मार, स्कॅन परत करावा का?

वडील ७६ वर्षांचे. गेल्या काही महिन्यांत तोल जाऊन अनेकदा पडले, बहुतेक वेळा डोक्यावरच. पहिल्यांदा काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही, म्हणून नंतर पुन्हा काढलाच नाही. आता डोकं सतत दुखतं, दिवसभर गुंगी असते, उजवा पाय ओढत चालतात, बोलताना शब्द अडतात. 'वय झालं' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. त्यात रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे.

मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलं, म्हणजे सबड्युरल हिमॅटोमा झाला, तर लक्षणं मार लागल्यावर काही आठवड्यांनीही दिसतात, असं वाचलं. शिवाय साधारण १ ते ३ आठवडे जुनं रक्त सीटीवर मेंदूसारखंच करडं दिसतं आणि नजरेतून सुटू शकतं. मग साधा सीटी पुरेसा आहे की एमआरआयचा आग्रह धरू? जुन्या रक्तात नवा रक्तस्राव झालाय हे कशात जास्त नीट कळतं?

आजच न्यूरोसर्जनकडे नेतोय. गोळी मनाने बंद केलेली नाही. तिथे आणखी काय विचारू? घरात कुणी यातून गेलं असेल तर कृपया लवकर सांगा.