शाळेच्या शाकारणीला ग्रामपंचायतीचा निधी मिळतो का?

वाडीवरची आई: कोकणातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष. पट 26, शिक्षक दोन. पट तिसाच्या आत, म्हणून समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये. खडू, झाडू, वीजबिल सगळं त्यातच. गेल्या खेपेला पैसे फेब्रुवारीत आले आणि 31 मार्चच्या आत संपवा म्हणाले. शाकारणी, म्हणजे कौलं काढून नीट लावणं, मे महिन्यात करायची असते हो! तिसरी-चौथीच्या वर्गावरच्या दोन रिपा कुजल्यात, कौलं सरकलीत. जूनमध्ये बस्करपट्ट्या भिजतात त्या आठ-आठ दिवस वाळत नाहीत, पोरं ओल्यावरच बसतात. ग्रामपंचायतीत गेलं की "शाळा जिल्हा परिषदेची". पंचायत समितीत विचारलं की "यादीत आहे". ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात, त्यातून हे काम बसतं का?

निवृत्त ग्रामसेवक: बसतं, ताई. 15व्या वित्त आयोगात (2021 ते 2026) 60 टक्के निधी बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेलाच. शाळेचं स्वच्छतागृह, नळ त्यातून होत. छपराला अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायच्या, निधीतून मागा. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात चढलेलं हवं, नाहीतर ग्रामसेवकालाही काही करता येत नाही. तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेच्या इतिवृत्तात विषय आला का ते स्वतः वाचा.

एक मुख्याध्यापिका: अर्जाला समितीचा ठराव आणि शाळा विकास आराखडा जोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार तो समितीनंच करायचा असतो. आमच्याकडे तो बरीच वर्षं शिक्षकच भरून सह्या घेत होते, मीही तेच केलंय, चूक होती ती. आणखी एक. आमच्या पंचायतीनं पत्रे बदलले, भिंती रंगवल्या, पण त्याच वर्षी एक शिक्षक कामगिरीवर दुसऱ्या शाळेत गेले आणि चार वर्ग माझ्या एकटीवर आले. चौथीच्या मुलांचा भागाकार कच्चा राहिला, तो अजून मनाला लागतो. शिक्षकाची नेमणूक जिल्हा परिषदेकडे, पगार राज्याचा. तिथे ग्रामसभेचं काही चालत नाही. म्हणून रिक्त पदाचा ठराव वेगळा करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवत राहा.

वाडीवरची आई: काका, बाई, खूप आभार. आमच्याही एका गुरुजींना मतदारयादीचं काम आहे, तो ठरावही घेते. उद्या सुताराला वर चढवून रिपा, कौलं मोजून घेते, म्हणजे अर्जात आकडा घालता येईल. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आम्ही आठजणी जाणार आहोत.