मदत हवी आहे: किटमधली गिटार, परभणीचं ऊन आणि गोंद

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच किटमधून अकूस्टिक गिटार जोडतोय. बाजूच्या पट्ट्या वाकवूनच आल्यात, मानही तयार आहे. वरची पाटी स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडाच्या) लाकडाची, जेमतेम ३ मिलिमीटर. तिच्या आतून एक्स आकाराच्या आधारपट्ट्या चिकटवायच्यात आणि तिथंच घोडं अडलंय.

हे काम हवेत ४५ ते ५० टक्के ओलावा असताना करावं म्हणतात. आमच्याकडं उन्हाळ्यात खोली कोरडीठाक, आणि कूलर लावला की पाटी सकाळी फुगलेली. पावसाळ्यात चिकटवली तर पुढच्या मे महिन्यात लाकूड आकसून चीर जाईल, ही खरी भीती. मराठवाड्यात कुणी सतार, हार्मोनियमची कामं करत असेल तर सांगा, तुम्ही कोणत्या महिन्यात चिकटवता?

दुसरं, गोंद. शेजारचे सुतारकाका म्हणतात, "फेविकॉल लाव, जन्मात सुटणार नाही." दारं-खिडक्यांना ठीक हो! पण ब्रिजवर (पाटीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण, तोही कायमचा, आणि ४२-४३ अंशांत फेविकॉलसारखा पांढरा गोंद हळूहळू सरकतो. मग सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरू का? नांदेड किंवा संभाजीनगरला चांगला सरस कुठं मिळेल? परभणीत मिळाला तर उत्तमच, एसटीचं भाडं वाचेल.