मदत हवी आहे: वर्कबेंचच्या खुंट्यांची भोकं सरळ कशी पाडायची? (पहिलं वाया गेलंय)

नमस्कार मंडळी,

भांडुपला वन बीएचकेच्या बाल्कनीत साडेतीन फुटी वर्कबेंच बांधतेय. वरचा पाट आमच्या लालबागच्या चाळीतल्या दारांच्या चौकटींचा. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा भाऊ म्हणाला भंगारात दे, मी टेम्पोत घालून घरी आणल्या. जुना बर्मा टीक, रंधा मारला की अजून तेलकट वास येतो. चार तुकडे फेविकॉलने जोडून 55 मिमी जाडीचा पाट झालाय. उजव्या टोकाला सात इंची व्हाइस, म्हणजे फळी जबड्यात आवळून धरणारा शिकंजा बसवलाय, त्याच्या पुढच्या जबड्यात वर-खाली होणारी लोखंडी पट्टी आहे.

आता पाटाला रांगेत भोकं हवीत, म्हणजे त्यात खुंट्या घालून खुंटी आणि त्या पट्टीच्या मध्ये फळी आडवी धरता येईल. खुंट्या म्हणजे ते बेंच डॉग. नवऱ्याचं 'डॉग आणायच्या आधी सोसायटीला विचार' हे सांगून झालंय, तेव्हा तो विनोद कृपया पुन्हा नको.

शनिवारी पहिलं भोक पाडलं. हातातलं ड्रिल, 19 मिमीचा चपटा बिट, शेजारी गुण्या उभा केलेला. वरून झकास दिसत होतं. खालून मात्र बिट बाहेर आला तो रुपयाएवढी ढलपी घेऊनच. आणि खुंटी घालून गुण्या लावला तर वरच्या 40 मिमीत जवळजवळ 3 मिमी कलली आहे, तीही व्हाइसपासून लांब. फळी आवळली की खुंटीकडचं टोक अलगद उचललं जातं, खालून पोस्टकार्ड सरकतं. रंधा मारताना फळी थडथडते.

हे भोक बुजवू की तसंच वापरू? पुढची सात-आठ सरळ कशी पाडू? उभं ड्रिल मशीन नाही, ठेवायला जागाही नाही.

प्रतिसाद १

बेंच मशीनखाली नेता येत नाही, पण ठोकळा नेता येतो की! दोन-अडीच इंच जाडीचा कडक लाकडाचा ठोकळा घ्या, जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे उभ्या मशीनवर त्यात 19 चं भोक पाडून घ्या. तो पाटावर क्लॅम्पने आवळायचा आणि त्याच्या भोकातून ड्रिल करायचं. चपटा बिट मात्र नको, त्यात डगडगतो आणि कडा खातो. गिरमिटासारखा पिळाचा बिट घ्या, नागदेवीला, मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात मिळेल. पुढे स्क्रू असलेला असेल तर ड्रिल दोन्ही हातांनी धरा, तो स्वतःच आत ओढत जातो. मनगट पिरगाळून घेतलंय, म्हणून सांगतोय.

प्रतिसाद २

ताई, दुखणं भोक तिरकं असण्यात नाही, ते कुठल्या बाजूला तिरकं आहे त्यात आहे. जुन्या चौकोनी खुंट्या मुद्दाम दोनेक अंश व्हाइसकडे झुकवून बसवायचे, म्हणजे आवळल्यावर फळी खाली दाबली जाते. तुमची उलटी झुकली, म्हणून फळी वर चढते. त्या भोकात सागाचाच दांडा फेविकॉल लावून ठोका आणि नवं भोक दोन इंच बाजूला घ्या. अंतर इंचाइंचाने सारखं असायलाच हवं असं काही नाही. ते व्हाइस जितका उघडतो त्यापेक्षा कमी असलं की भागतं, तुम्हाला चार इंच पुष्कळ. सांभाळायची ती रांग: ती व्हाइसच्या लोखंडी पट्टीच्या बरोबर समोर हवी, नाहीतर आवळताना फळी तिरपी फिरते. आखताना खाली पाय आणि आडवी पट्टी कुठे येते तेही वाकून बघा.

ढलपीसाठी खालून भंगार प्लायचा तुकडा घट्ट आवळा. भोक झालं की वरची कड जराशी मारा, नाहीतर खुंटी उपसताना लाकडाचे तंतू उचकटतात. आणि चौकटी जुन्या आहेत ना? बिजागरीचे तुटके खिळे आत असतात. आधी लोहचुंबक फिरवा.

प्रतिसाद ३

मापाचं आताच ठरवा. बाजारातल्या बऱ्याच तयार खुंट्या आणि क्लॅम्प 20 मिमीचे असतात, होल्डफास्ट (भोकात ठोकून फळी वरून दाबून धरणारा लोखंडी आकडा) सहसा पाऊण इंची म्हणजे 19 चे. 55 मिमी पाटात होल्डफास्ट छान धरेल, पण हातोडीने ठोकावा लागतो, खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघून घ्या. लाकडी खुंट्या आत्ता घट्ट बसवू नका. जुलैत फुगल्या की मोगरीनेसुद्धा निघत नाहीत. किंचित सैल ठेवून मेण चोळा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. 19 च ठेवलं. चुंबक दोन ठिकाणी चिकटला, एका ठिकाणी पटाशीने उकरलं तर बोटभर गंजका खिळा निघाला, तोही नेमका तिसऱ्या भोकाच्या खुणेवर. ठोकळ्याने सहा भोकं झाली. गुण्या लावला तर उजेडाची फट दिसत नाही, आणि पोस्टकार्ड आता शिरत नाही. सातवं पायावर येत होतं, सोडून दिलं. आठवं राहिलंय, पण दोन वाजले. आमच्याकडे दोन ते चार ड्रिल बंद.