गिधाड आराखड्यावर सूचना द्यायच्यात, दोनच पानं. काय लिहू?

कातळसडा: नमस्कार मंडळी. २०२०-२५ चा राष्ट्रीय गिधाड कृती आराखडा संपला. पुढच्यासाठी सूचना पाठवायचं आमच्या निसर्ग मंडळाने ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दोन पानं, आठ दिवस, खिसा रिकामा. टॅगिंग-बिगिंग महागडं सुचवू नका प्लीज.

पक्षीवेडा: सॅटेलाइट टॅग, पक्ष्याच्या अंगावर लावायचं जागा सांगणारं यंत्र. पक्षी जेवतो कुठे तेच माहीत नसेल तर आराखडा कसला. आमच्या टीमने लावलेत, रोज सकाळी चहाबरोबर लोकेशन बघतो मी.

कातळसडा: वर वाचलंत का दादा?

गोठ्यातला डॉक्टर: आधी मरतात कशाने ते बघा. मी एक मेलेलं कापलेलं पाहिलंय, काळजावर-यकृतावर खडूची पूड सांडल्यासारखं पांढरं, मूत्रपिंड गेलं की युरिक अ‍ॅसिड असं साचतं. कारण डायक्लोफिनॅक, गुरांना टोचायचं वेदनाशामक; ते टोचलेलं गुरू मेलं आणि गिधाडाने खाल्लं की संपलं. जनावरांसाठी ते २००६ ला बंद, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच होत्या, म्हणून २०१५ ला बाटली ३ मिलीचीच ठेवायची अट. अ‍ॅसिक्लोफिनॅक गाईच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. गिधाडाला न मारणारं वेदनाशामक मेलॉक्सिकॅम वापरा, मी तेच देतो. आणि 'जनजागृती करावी' लिहू नका. किती दुकानांत बंदीचं औषध मागितल्यावर मिळालं ते दरवर्षी मोजा, आकडा शून्यावर आला तरच पैदास केंद्राच्या पिंजऱ्यातली गिधाडं सोडा.

रिटायर्ड माणूस: जनजागृतीला नावं ठेवू नका, आम्ही स्वखर्चाने पोस्टर लावलेत. बाकी सूचनांचं म्हणाल तर आम्हीही एका कार्यालयात दिल्या होत्या, पोच मिळाली, पुढे त्या फाइलचीच हाडं उरली.

सातासमुद्रापार: अमेरिकेत १९८८ पासून कायद्यातच आहे, धोक्यातल्या प्रजातीच्या आराखड्यात मोजता येणारे निकष, वेळ आणि खर्चाचा अंदाज द्यायचा. म्हणजे प्रजाती सावरली कधी म्हणायचं ते आधीच ठरतं. त्यांचं कॅलिफोर्नियाचं गिधाड, काँडॉर, १९८७ ला २७ उरले होते, आता ५०० च्या वर.

गोठ्यातला डॉक्टर: आणि शिकारीतल्या शिशाच्या गोळ्या मांसातून पोटात जाऊन अजून मरतात तेही सांगा की.

चष्मिष: एवढा काथ्याकूट कशाला, गिधाड उपाहारगृह काढा, मेलेली गुरं आणून टाकायची, झालं.

गोठ्यातला डॉक्टर: मरायच्या आधी त्या गुराला काय टोचलं होतं, विचारणार कोण? आणि तुमच्याकडे जेवून पुढच्या जिल्ह्यात विष खाल्लं तर? गिधाडांसाठी विषारी औषधं हटवलेल्या सुरक्षित क्षेत्राची त्रिज्या १०० किमी धरतात ती उगाच नाही.

मीपण: +१ मेलॉक्सिकॅम. पण टॅगचं बघाच.

कातळसडा: सगळ्यांचे आभार. औषधांवर लिहिणारे बरेच असतील, म्हणून आम्ही दोन्ही पानं घरट्यांच्या झाडांवर लिहितोय. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं, वर्षाला अंडं एकच. पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण, पण झाडाच्या मालकाला पैसे मिळतात ते लाकडाचे. तर झाड राखल्याबद्दल मालकाला दरवर्षी मोबदला, आणि किती घरट्यांतून पिल्लू उडालं त्याची मोजणी. मोजायचं डोकं डॉक्टरांचं, हां.

गोठ्यातला डॉक्टर: विष तसंच राहिलं तर झाडं राखून बसणार कोण त्यावर? कावळे?

पक्षीवेडा: म्हणजे टॅग नाहीच?