मदत हवी आहे: मारुती ८०० चा ब्रेक पाईप गंजलाय, जोड मारायचा की अख्खा बदलायचा?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती ८००, २००६ चं मॉडेल. राहायला सांगलीवाडी. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी मिनिममच्या खाली दिसली म्हणून भरली, तर पुन्हा खाली. पेडल पूर्वीपेक्षा खोल जातंय, भराभर पंप केलं की मग वर येतं. चारी चाकांच्या आतल्या बाजूला कुठंच ओल नाही. शेवटी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरून बघितलं.

मागच्या डाव्या चाकाकडं जाणारा लोखंडी पाईप बॉडीला प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेला असतो. त्यातली मधली क्लिप उघडली, तर आत पुराचा गाळ वाळून घट्ट बसलेला. तो खिळ्यानं उकरला तसे पाईपचे पापुद्रे सुटले आणि गंजाच्या एका फोडाखालून ऑइलचा थेंब जमायला लागला. पुसला की परत येतोय. क्लिपच्या अलीकडं-पलीकडं मात्र पाईप वरून ठणठणीत दिसतो.

२०१९ च्या महापुरात गाडी दारातच बुडाली होती. इंजिन, वायरिंग, सीटा सगळं तेव्हा केलं. पण त्या दिवसांत गॅरेजांपुढं बुडालेल्या गाड्यांची रांग लागलेली, क्लिपा उघडून बघायला सवड कुणाला होती? (२०२१ ला आधीच शहाणपण करून गाडी विश्रामबागेत पाहुण्यांकडं नेऊन लावली.)

आता मुद्दा. नेहमीच्या फिटरचं म्हणणं असं, "कुजलंय तेवढंच कापू, तांब्याचा तुकडा घालू, दोन्हीकडनं पितळी फेरूल टाकून आवळू. काय हुत नाही साहेब, लई गाड्यांना केलंय." तांब्याचा म्हणजे फ्रिजवाले वापरतात तोच, आणि फेरूल म्हणजे पाईपवर चढवून नटानं आवळायची रिंग. माणूस प्रामाणिक आहे, हातही चांगला आहे, तरी मला हे पचेना. जोरात ब्रेक मारल्यावर लाइनमध्ये हजार पीएसआय किंवा त्याहून जास्त दाब येतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीसपटीच्या पुढं. आणि दिवाळीत आंबा घाटानं रत्नागिरीला जायचंय, घरची सगळी मंडळी घेऊन.

कंपनीचा तयार वाकवलेला पाईप इथल्या दुकानांत विचारला. "ऑर्डर टाकून बघू" यापलीकडं कुणी बोलत नाही. मग स्टीलचा सरळ पाईप आणून वाकवून घ्यावा, की ऑनलाइन तो तांबं-निकेलचा रोल मिळतो तो मागवावा? फ्लेअर, म्हणजे नटात घट्ट बसावं म्हणून पाईपचं पसरवलेलं तोंड, इकडं कोण नीट करून देतं? आणि ड्रमच्या मागचा नट इतका धरलाय की पाना घसरतोय, त्याला काय करू?

पाना दहा-बारा

फेरूलला सरळ नाही म्हणा. तो जोड पाण्याच्या आणि हवेच्या लाइनसाठी. ब्रेकच्या दाबाला पाईप त्यातनं सटकतो, आणि सटकणार तो नेमका पेडल जोरात दाबल्यावर, म्हणजे गरजेच्या वेळीच. निव्वळ तांबंही नको. गाडीच्या थरथरीनं ते कडक होत जातं आणि फ्लेअरच्या गळ्याशी तडकतं.

तांबं-निकेल म्हणजे ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल. हे चांगलं. गंजत नाही, हातानं वळतं, फ्लेअर सुबक येतो. दोनपदरी भिंतीचा स्टीलचा ब्रेक पाईपही चालतो, कंपनी तोच घालते. पण तुमच्याकडं नदी घरात येते, तेव्हा मी तांबं-निकेलच घेतलं असतं.

तुमच्या गाडीला पाईप ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंची, आणि नट दहा मिमीचे, एकच्या पिचचे. तरी जुना नट खिशात घालून दुकानात जा आणि ताडून घ्या. फ्लेअर डबल हवा, ४५ अंशाचा, म्हणजे पाईपचं तोंड आत दुमडून पुन्हा दाबलेलं. एसीवाले एकपदरी फ्लेअर करतात, तो चिरतो. युरोपियन गाड्यांचा फुगा फ्लेअर वेगळा, तो इथं बसत नाही. सांगलीत कुणी सापडलं नाही तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा. तोंड दाबायच्या आधी नट पाईपवर ओवलाय का ते स्वतः बघा. निम्म्या लोकांचा पाईप तिथंच वाया जातो.

मिरज जंक्शन

नटाबद्दल. साध्या फिक्स पान्यानं नट गोल होणारच. फ्लेअर नटाचा खाचवाला रिंग पाना मिळतो, दहा नंबरचा, तो घ्या. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. तरी नाही हलला तर पाईप टाकाऊच आहे, नटाच्या लगत कापा आणि सहा कोनांचा सॉकेट सरळ वरनं बसवा. गॅसचा जाळ लावू देऊ नका, शेजारनंच पेट्रोलचा पाईप जातो. आणि तो पाईपही त्याच गाळात बसलाय, हे ध्यानात ठेवा. चाकाच्या सिलेंडरचे आटे नटाबरोबर निघाले तर जीव जाळू नका, नवा सिलेंडर फार महाग नसतो.

घाटावरचा

एवढं काय घाबरायचं? माझ्या जीपला फेरूलचा जोड कैक वर्षं आहे, एक थेंब नाही.

पाना दहा-बारा

तुमच्या जीपला देवानं सांभाळलंय. त्यांना आंबा घाटात चार माणसं न्यायची आहेत.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. फिटरशी बोललो. आधी जरा फुगला, मग म्हणाला, "रोल आणा, बसवून देतो, फ्लेअर मात्र बाहेरनं करू." मागचे दोन्ही पाईप बदलायचं ठरवलंय, एक कुजला तर दुसऱ्याचा भरवसा कसला. रबरी होजही नवे घालतोय. क्लिपा सगळ्या उघडल्या, पेट्रोलच्या पाईपवर गंजाची नुसती सुरुवात आहे, तोही यादीत गेला. आता ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना काय सांभाळायचं तेवढं सांगा.

पाना दहा-बारा

मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपापासून, सगळ्यात लांबचं चाक आधी. डबी एकदाही रिकामी पडू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे पेडल मारणाऱ्याला तळापर्यंत दाबू देऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये रोजच्या चालीच्या पुढचा भाग खरबरीत झालेला असतो. आतलं रबरी वॉशर तिथं गेलं की फाटतं, मग पाईप नवे आणि पेडल तरी खालीच.

जुनं ऑइल सगळं काढून टाका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० च्या आसपास. घाट उतरताना हा फरक कळतो. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात धरून ठेवायला सांगा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलतो.

मिरज जंक्शन

रोल दोन पाईपांना लागून उरेल बहुतेक. उरला तर टाकून देऊ नका राव, मला सांगा. आमच्या ओम्नीच्या क्लिपा मी अजून उघडलेल्या नाहीत.