कोरीव दगडी खांबांना लोखंडी गेट कसं लावायचं?

दोन्ही खांब कोरीव दगडाचे झालेत, वेलबुट्टी काय मस्त उतरलीय, आता 4 फुटी दोन पल्ले बसवायचेत. फॅब्रिकेटर म्हणतो दगडातच भोकं पाडून बिजागऱ्या ठोकू. माझा काही धीर होत नाहीये, काय करू?

— अजिबात नको! पल्ल्याचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत राहतं आणि भोक कडेजवळ असलं की दगडाची कपची उडालीच समजा. खांबामागे लोखंडी पोस्ट उभा करा, खाली काँक्रीटमध्ये पक्का गाडून, गेट त्याच्यावर फिरू दे, दगड नुसता शोभेला.

— सहमत. तरी दगडात काही घालावंच लागलं तर स्टेनलेसच घाला, साधं लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून दगड फोडतं. आमच्या खांबावरच्या मोराची चोच अशीच गेली, अजून हळहळ वाटते.

— आणि वेल्डिंग खांबाशेजारी करू देऊ नका, ठिणग्या दगडाला चिकटतात न् पहिल्याच पावसात तांबडे ठिपके.. निदान ओली गोणपाटं तरी गुंडाळा

— बापरे, हे डोक्यातच नव्हतं. पोस्ट आतल्या बाजूने घेतो मग, पल्ले तसेही आतच उघडतात.