रक्त घेतलंय ना, मग परत नाकात काडी कशाला?

(जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, बुधवार सकाळ)

महेश, बी-३०२: सगळ्यांना नमस्कार. वडिलांना काल रात्री मंगळवेढ्याहून आणून इथं ॲडमिट केलंय. नऊ दिवस झाले ताप आहे, परवापासून दम लागतोय. ऑक्सिजन ९१ होता, आता नळी लावल्यावर ९५. त्यांना शुगर आहे. गावाकडं लॅबवाल्यानं घरी येऊन रक्त नेलं होतं, पॅकेजमध्ये कोरोनाची अँटीबॉडी (विषाणूशी लढायला अंगात तयार होतं ते प्रथिन) पण होती. त्यात आयजीजी, म्हणजे त्यातलाच एक प्रकार, पॉझिटिव्ह आलंय. आता इथले डॉक्टर म्हणतात नाकात काडी घालून स्वॅब द्या, आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणू आहे का ते शोधायची तपासणी करायचीय. मोठे दादा नको म्हणतायत, म्हणून सही अडलीय. काय करू?

अण्णा, ए-१०४: महेश, काळजी करू नको. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे अंगात ताकद तयार झालेली आहे. कोरोना नाहीच. उगा म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास.

पद्मा वहिनी, सी-२०१: ओ अण्णा, आम्हाला तर उलट सांगितलं होतं. पॉझिटिव्ह आलं म्हणजे कोरोना आहेच, स्वॅबचे पैसे वाचवा आणि औषध चालू करा म्हणून.

महेश: दादा पण तेच म्हणतायत. रक्तात सापडलंय तर नाकात काय बघायचं.

सुनंदाताई, बी-२०४: महेश, आधी सही कर. स्वॅब देऊ दे. मग बाकीचं वाच, मी सविस्तर लिहिते.

महेश: बरं ताई. खाली जातोय.

सुनंदाताई: अण्णा, वहिनी, कागद एकच आणि तुम्ही दोघांनी अर्थ काढले दोन टोकांचे. त्या कागदात आजच्या तापाचं उत्तर नाहीच, म्हणून असं होतं. मी सिव्हिल हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजीत, जंतू तपासायच्या विभागात आयुष्य काढलंय, म्हणून कळकळीनं सांगते.

आपल्याकडं तापाची तपासणी म्हणजे रक्त, हे डोक्यात पक्कं बसलंय. मलेरियाचा जंतू रक्तात, तांबड्या पेशीतच असतो. डेंग्यूचा विषाणू पहिल्या दिवसांत रक्तातच फिरतो, म्हणून त्याचं एनएस-१ हे प्रथिन तिथं सापडतं. कोरोनाचं तसं नाही. तो नाक, घसा, श्वासनळी आणि फुप्फुसाच्या अस्तरात वाढतो. रक्तात तो थोड्या लोकांत उतरतो, आणि तेही बहुतेक आजार जड झाल्यावर. २०२० च्या मार्चमध्ये चीनमधल्या २०५ रुग्णांचे वेगवेगळ्या जागचे नमुने तपासलेले आकडे आले होते. फुप्फुसात नळी घालून धुऊन काढलेल्या पाण्यात १५ पैकी १४ वेळा विषाणू मिळाला. थुंकीत दहापैकी साधारण सात वेळा. रक्ताचे नमुने ३०७, आणि त्यात मिळाला फक्त ३ वेळा. म्हणून जंतू शोधायचा तर नाकातच काडी घालावी लागते.

अण्णा: पण ताई, २०२० ला बोटातून रक्त घेऊन पंधरा मिनिटांत कोरोना सांगणारं किट सरकारनंच आणलं होतं की. मी पेपरात वाचलंय.

सुनंदाताई: आणलं होतं, आणि ते थांबवलं पण होतं अण्णा. २१ एप्रिल २०२० ला आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं सगळ्या राज्यांना दोन दिवस ते किट वापरू नका म्हणून सांगितलं, कारण निकाल जुळत नव्हते. आठवडाभरात दोन चिनी कंपन्यांचे किट परत करायला लावले. ते विषाणू शोधायचंच नाही, त्याच्याविरुद्ध अंगात तयार झालेल्या अँटीबॉडी शोधायचं. पुढं पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, ‘कवच’ नावाची रक्तातल्या अँटीबॉडीचीच एलायझा तपासणी काढली. ती चांगली होती, पण ती कशाला? तर किती लोकांना होऊन गेला हे मोजायला. आज पलंगावर असलेल्या माणसाला काय झालंय हे ठरवायला नव्हती.

महेश: स्वॅब दिला ताई. दोन मिनिटांत झालं. डोळ्यात पाणी आलं तेवढंच.

सुनंदाताई: छान केलंस. आता सांग, वडिलांनी लस कुठली घेतली होती? आणि त्या रिपोर्टवर आयजीजीच्या पुढं काय लिहिलंय?

महेश: कोविशील्ड, दोन्ही डोस. रिपोर्टवर ‘अँटी-स्पाइक आयजीजी’ असं आहे.

सुनंदाताई: मग पॉझिटिव्ह येणारच. कोविशील्ड विषाणूच्या स्पाइकविरुद्धच, म्हणजे त्याच्या बाहेरच्या काट्यांविरुद्धच, अँटीबॉडी तयार करायला शिकवते. तुझ्या रिपोर्टनं बहुतेक लसच पकडलीय. स्पाइक सोडून न्यूक्लिओकॅप्सिडच्या (विषाणूच्या आतल्या प्रथिनाच्या) अँटीबॉडी पाहिल्या असत्या तर संसर्ग होऊन गेला का याचा थोडा अंदाज आला असता. पण कोवॅक्सिन घेतलेल्यांत तोही घोळ, कारण तिच्यात अख्खा मारलेला विषाणू असतो. आणि संसर्ग दिसला तरी तो गेल्या आठवड्यातला की तीन वर्षांपूर्वीचा, हे एकटं आयजीजी सांगत नाही. घरी येऊन पॅकेजमध्ये ही तपासणी घालून विकतात त्याचा मला मनापासून राग येतो. माणसं त्या कागदावर निर्धास्त होतात नाहीतर घाबरतात, आणि दोन्हीत दिवस जातात.

युवराज, ए-३०३: ताई, मग ॲडमिट झाल्यावर तीन-तीन ट्यूब रक्त का काढतात? माझ्या मामाचं तर दिवसाआड काढायचे. आम्हाला वाटायचं कोरोना गेला का ते बघतायत.

सुनंदाताई: नाही रे. ते आजार किती जड आहे हे बघायला. जांभळ्या टोपणाची ट्यूब सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायची, त्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात का ते दिसतं. निळ्या टोपणाची डी-डायमरची, रक्तात गुठळ्या होऊन विरघळतायत का याची खूण. ती खुणेच्या रेघेपर्यंतच भरावी लागते, कमी भरली तर रिपोर्ट चुकतो. पिवळ्या किंवा लाल टोपणाच्या ट्यूबमधून सीआरपी आणि फेरिटिन (अंगातली सूज किती ते सांगणारे), किडनी, लिव्हर. यावरून डॉक्टर ठरवतात की स्टेरॉइड द्यायचं का, रक्त पातळ करायचं इंजेक्शन किती, आयसीयूची तयारी ठेवायची का. पण सीआरपी न्यूमोनियात कुठल्याही जंतूनं वाढतं, डी-डायमर ऑपरेशननंतरही वाढतं. ‘डी-डायमर जास्त म्हणजे कोरोना’ असं वाक्य कुणी म्हटलं तर तिथंच थांबवा.

पद्मा वहिनी: मग रक्ताची अँटीबॉडी कधीच उपयोगाची नाही का?

शबाना भाभी, सी-१०२: ताई, मी सांगू? २०२१ ला माझ्या बहिणीच्या मुलाला ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटात सारखं दुखणं. सात वर्षांचा होता. स्वॅब निगेटिव्ह आला. मग डॉक्टरांनी रक्तातल्या अँटीबॉडी केल्या आणि त्यावरूनच निदान झालं. घरात महिन्यापूर्वी सगळ्यांना सर्दी होऊन गेली होती.

सुनंदाताई: भाभी, बरं झालं लिहिलंत. बाळ सुखरूप आहे ना? तो लहान मुलांतला एमआयएस-सी, म्हणजे कोरोनानंतर अनेक अवयवांना येणारी सूज. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी येतो, तेव्हा नाकातला विषाणू निघून गेलेला असतो आणि शरीरच भडकलेलं असतं. तिथं रक्तच बोलतं.

वहिनी, दुसरी वेळ म्हणजे उशिरा ॲडमिट झालेला माणूस. साथीच्या सुरुवातीला, लस यायच्या आधी, १७३ ॲडमिट रुग्णांचा अभ्यास झाला होता. पहिल्या आठवड्यात ४० टक्क्यांहून कमी लोकांत अँटीबॉडी सापडल्या, पंधराव्या दिवसापासून पुढं जवळपास सगळ्यांत. आणि नाका-घशातला विषाणू सापडायचं प्रमाण उलट, पहिल्या आठवड्यात ६७ टक्के, पंधराव्या दिवसानंतर ४५. म्हणजे एक उतरत जातं, दुसरं चढत जातं. तेव्हा दोन्ही तपासण्या एकत्र केल्यावर जास्त रुग्ण हाती लागायचे. आता बहुतेक मोठ्यांना लस झालीय, त्यामुळं रक्ताचा तो आधार खूप कमी राहिला.

शबाना भाभी: बाळ छान आहे ताई, शाळेत जातोय.

अण्णा: ताई, पटलं. महेश, मी जे लिहिलं ते धरू नको रे बाबा.

महेश: अण्णा, असं काही नाही. ताई, एक विचारू? दादा म्हणतात आता स्वॅब निगेटिव्ह आला तर काय, मग सगळ्यांच्या साध्या वॉर्डात हलवतील का?

सुनंदाताई: लगेच हलवू नये, आणि तू पण घाई करू नको. नववा दिवस आहे. या वेळेला विषाणू वरून खाली फुप्फुसात उतरलेला असू शकतो, नाकात कमी सापडतो. काडी नीट आत गेली नसली तरी निगेटिव्ह येतं. तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचार की एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनमध्ये काय दिसतंय आणि नमुना परत घ्यायचा का. थुंकी पडत असेल तर तीही चालते. आणि डेंग्यू, टायफॉइड, साधा जिवाणूचा न्यूमोनिया, इन्फ्लुएन्झा हे पण बघतायत का ते विचार. शुगर असलेल्या माणसात एकाला धरून दुसरं सुटायला नको. गावाकडचा तो अँटीबॉडीचा कागद फाईलला लाव, लपवू नको, पण पुढं करून वादही घालू नको.

महेश: सीटी दुपारी आहे. आरटी-पीसीआर संध्याकाळपर्यंत म्हणाले. तोवर त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय.

पद्मा वहिनी: डबा मी पाठवते दोघांचा. आई आमच्याकडं झोपू देत, एकट्या नको.

सुनंदाताई: वहिनी, थांबा. महेश, आईंना काही त्रास आहे का?

महेश: कालपासून घसा खवखवतोय म्हणतात. प्रवासामुळं असेल असं वाटलं.

सुनंदाताई: नऊ दिवस त्या वडिलांजवळच होत्या. त्यांचाही स्वॅब आजच दे. गावाकडच्या लॅबवाल्याला फोन करून रक्त द्यायला लावू नको, त्रासाच्या दुसऱ्याच दिवशी त्यात आजचं काहीच दिसणार नाही. रिपोर्ट येईपर्यंत त्या तुमच्याच घरात, मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून. वहिनी, डबा दारात ठेवा.

महेश: आईला घेऊन परत खाली चाललोय.